कागदाने गेलेली जमीन : बिओबिओच्या दक्षिणेकडचे मापुचे

६ जानेवारी १६४१ रोजी दक्षिण चिलीतल्या किलीन या ठिकाणी स्पेनच्या राजाचा गव्हर्नर मार्केस दे बाइदेस आणि मापुचे लोकांचे प्रमुख वाटाघाटींसाठी एकत्र आले आणि बिओबिओ नदी ही दोन्ही बाजूंमधली हद्द म्हणून मान्य झाली. मेक्सिको आणि पेरू इथली बलाढ्य राज्ये काही वर्षांत गिळणाऱ्या साम्राज्याला, एका नदीपलीकडे आपला अंमल नाही हे नव्वद वर्षांच्या लढाईनंतर लेखी कबूल करावे लागले. मापुचेंविषयी जे थोडेफार वाचायला मिळते त्यात याच लढाईचे वर्णन असते. शूर योद्धे, भाले, घोडे, हौतात्म्य. माझे कुतूहल मात्र वेगळ्या ठिकाणी अडले. माझी सारी नोकरी जमिनीच्या अभिलेखांत गेली असल्यामुळे, ज्या लोकांनी तलवारीपुढे जमीन सोडली नाही त्यांच्या हातून ती पुढे गेली कशी, हा प्रश्न मला लढायांपेक्षा अधिक खुणावत राहिला. त्याचे उत्तर बहुतांशी कायदे, मोजणी, लिलाव आणि नोंदवही यांत सापडते, आणि ही गोष्ट फार जुनीही नाही.

आधी या लोकांची ओळख करून द्यायला हवी. मापुचे आपल्या साऱ्या प्रदेशाला वालमापू म्हणतात. अँडीज पर्वताच्या पश्चिमेचा, आज चिलीत असलेला भाग न्गुलूमापू आणि पूर्वेचा, आज अर्जेंटिनात असलेला भाग पुएलमापू. पर्वत ही त्यांच्या दृष्टीने सरहद्द नव्हती. उन्हाळ्यात खिंडींतून गुरे, मीठ, लोकरीची वस्त्रे आणि सोयरिकी दोन्ही बाजूंना जात-येत असत. समुद्रकिनाऱ्यावरचे लाफ्केन्चे, डोंगरातल्या पेवेन वृक्षांच्या आधाराने राहणारे पेवेन्चे, दक्षिणेकडचे विलिचे, आणि मधल्या दऱ्या-मैदानांतले नागचे व वेन्तेचे असे त्यांचे प्रादेशिक गट आहेत. २०१७ च्या चिलीच्या जनगणनेत सुमारे १७ लाख ४५ हजार लोकांनी आपण मापुचे असल्याचे सांगितले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के; अर्जेंटिनाच्या २०१० च्या जनगणनेत ही संख्या दोन लाखांच्या आसपास होती.

या समाजाला राजा नव्हता, राजधानी नव्हती आणि खजिनाही नव्हता. नातेसंबंधांनी बांधलेली वस्ती म्हणजे लोफ, तिचा प्रमुख लोंको. युद्धाचा प्रसंग आला की अनेक लोफ एकत्र येऊन तोकी निवडत आणि प्रसंग सरला की त्याचा अधिकारही सरे. कुस्को ही राजधानी पडली की इंका साम्राज्याचा कणा मोडतो, हे स्पॅनिशांनी अनुभवले होते. इथे मोडण्यासारखा एकच कणा नव्हता. एका लोंकोला ठार केले तर दुसरा उभा राही, एकाशी तह केला तर शेजारचा लोफ त्याला बांधील नसे. त्याआधी उत्तरेकडून आलेल्या इंकांनाही माउले नदीच्या परिसरात थांबावे लागले होते.

स्पॅनिश सेनानी आणि गव्हर्नर पेद्रो दे वाल्दिवियाने १५४१ मध्ये चिलीची आजची राजधानी सांतियागो आणि १५५० मध्ये कोन्सेप्सिओन वसवले आणि दक्षिणेकडे किल्ल्यांची साखळी सुरू केली. त्याच्याच तबेल्यात काम केलेला लौतारो हा मापुचे तरुण घोड्यांची सवय, त्यांची दमण्याची वेळ आणि स्पॅनिश फौजेची शिस्त जवळून पाहून आपल्या लोकांत परतला. डिसेंबर १५५३ मध्ये तुकापेलच्या लढाईत त्याने तुकड्या-तुकड्यांनी, आळीपाळीने हल्ले चढवून घोडदळाला दमवले आणि वाल्दिविया मारला गेला. लौतारो १५५७ मध्ये पडला, दुसरा नेता काउपोलिकान याला १५५८ मध्ये हालहाल करून मारण्यात आले, पण युद्ध थांबले नाही. एका पिढीच्या आत मापुचे स्वतःच पट्टीचे घोडेस्वार झाले. डिसेंबर १५९८ मध्ये कुरालाबा येथे पेलांतारोच्या लोकांनी आणखी एका गव्हर्नरला छावणीतच ठार केले आणि पुढच्या काही वर्षांत बिओबिओच्या दक्षिणेकडची सात स्पॅनिश शहरे ओस पडली. चिडलेल्या स्पेनच्या राजाने १६०८ मध्ये युद्धकैदी मापुचेंना गुलाम करण्याची कायदेशीर मुभा दिली, आणि मग कित्येक दशके सरहद्दीवरचे सैन्य राज्य वाढवण्याइतकेच माणसे पकडून विकण्यासाठी लढत होते.

या सगळ्याचा शेवट म्हणून किलीनचा तह झाला, आणि माझ्या मते मापुचे इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग इथून सुरू होतो. पुढची जवळजवळ पावणेदोनशे वर्षे दोन्ही बाजू ठरावीक काळाने मोकळ्या मैदानात भेटत राहिल्या. या सभांना स्पॅनिशमध्ये पार्लामेंतो म्हणत. त्या कित्येक दिवस चालत. हजारो माणसे जमत. भेटवस्तू दिल्या जात. मापुचे रिवाजाप्रमाणे आधी दीर्घ कुशलप्रश्न, मग पूर्वीच्या करारांचे तोंडी स्मरण आणि मगच मूळ विषय अशी रीत पाळली जाई. स्पॅनिश लेखनिक कागदावर नोंद करत आणि मापुचे वक्ते स्मरणात. ज्यांना लेखनकला नव्हती त्यांना करार कळत नव्हते, ही समजूत या सभांचे वृत्तांत वाचल्यावर टिकत नाही. पूर्वीच्या सभेत काय ठरले होते हे शब्दशः म्हणून दाखवणारे वक्ते त्यांच्यात मानाचे मानले जात.

हा काळ भरभराटीचाही होता. पर्वतापलीकडच्या गवताळ पंपास प्रदेशात मापुचेंचा प्रभाव वाढला, तिथली गुरे आणि घोडे खिंडींतून पश्चिमेला येऊ लागले, आणि मापुचे स्त्रियांनी मागावर विणलेल्या लोकरीच्या पोंचोंना स्पॅनिश वस्त्यांतही मोठी मागणी होती. व्यापारात मिळालेली चांदीची नाणी वितळवून त्यांचे सोनार, ज्यांना ते रूत्राफे म्हणतात, कपाळपट्ट्या, छातीवर रुळणारी पदकांची आभूषणे आणि घोड्यांचे लगाम-रिकिबी घडवत. आज संग्रहालयांत काचेमागे ठेवलेली मापुचे चांदी बहुतेक अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातली आहे, म्हणजे स्वतंत्र आणि संपन्न समाजाची आहे. ती पाहताना ‘आदिम कला’ असा शब्द वापरणाऱ्यांनी तिच्याखाली लिहिलेली वर्षे तेवढी नीट वाचावीत, एवढेच म्हणावेसे वाटते.

चिली स्वतंत्र झाल्यावर नव्या प्रजासत्ताकानेही आधी हीच वाट धरली. १८२५ मध्ये तापिहुए येथे लोंको फ्रान्सिस्को मारिलुआन याच्याशी तह झाला आणि बिओबिओची हद्द पुन्हा मान्य झाली. पण पुढच्या तीन-चार दशकांत परिस्थिती पालटली. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या धावपळीमुळे चिलीच्या गव्हाला भाव आला, शेतजमिनीची भूक वाढली आणि नदीपलीकडची काळी जमीन सांतियागोच्या डोळ्यांत भरली. कर्नल कोर्नेलिओ साआवेद्राने १८६१ मध्ये सरकारला जी योजना दिली तिच्यात किल्ल्यांची रांग एकेक नदी ओलांडत दक्षिणेकडे न्यायची, मागे मोकळी झालेली जमीन सरकारच्या नावे करायची आणि ती विकून किंवा वसाहतवाल्यांना देऊन पुढचा खर्च भागवायचा, असा हिशेब होता. १८६२ मध्ये आंगोल पुन्हा उभारले गेले, मग माय्येको नदीची रांग, मग पुढची. पेरूविरुद्धच्या युद्धातून मोकळ्या झालेल्या फौजा, नव्या बंदुका, तारयंत्र आणि रेल्वे यांच्या बळावर फेब्रुवारी १८८१ मध्ये तेमुको वसले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधला सार्वत्रिक उठाव चिरडला गेला आणि जानेवारी १८८३ मध्ये व्हिय्यारिकाच्या पुनर्स्थापनेने मोहीम पूर्ण झाली. आराउकानिया हे या प्रदेशाचे स्पॅनिश नाव; सरकारी इतिहासात या मोहिमेचे नाव ‘आराउकानियाचे शांतीकरण’ असे पडले, आणि शाळेच्या पुस्तकांतून ते फार काळ तसेच शिकवले गेले.

पर्वतापलीकडे अर्जेंटिनात हाच प्रकार अधिक उघडपणे घडला. जनरल हुलिओ रोका याच्या मोहिमेला ‘वाळवंटाचा विजय’ म्हणतात; ज्या प्रदेशात माणसे राहत होती, गुरे पाळत होती त्याला वाळवंट म्हटले की अर्धे काम होते. १८७८ च्या कायद्याने या मोहिमेचा खर्च भागवण्यासाठी रोखे विकायला काढले. ४०० पेसोंच्या एका रोख्यामागे २५०० हेक्टर जमीन मिळणार होती आणि ती जमीन तेव्हा जिंकायची होती. मालकी आधी नोंदली गेली, ताबा नंतर घेतला गेला. मोहिमेतून वाचलेल्यांना छावण्यांत कोंडून घरकामाला, उसाच्या मळ्यांत, नौदलात वाटून टाकले. इनाकायाल या तेहुएल्चे-मापुचे प्रमुखाला ला प्लाताच्या संग्रहालयात राहावे लागले, १८८८ मध्ये तो तिथेच वारला आणि त्याचा सांगाडा त्याच इमारतीत प्रदर्शनात मांडला गेला. त्याचे अवशेष चुबुत प्रांतातल्या तेका गावी परत यायला १९९४ साल उजाडले.

आता चिलीतल्या कागदांकडे येतो. ४ डिसेंबर १८६६ च्या कायद्याने ठरवले की ज्या जमिनीवर मूळ रहिवाशांचा प्रत्यक्ष आणि अखंड ताबा सिद्ध होणार नाही ती सरकारी पडीक जमीन समजली जाईल. ताबा म्हणजे काय हे अर्थातच सरकार ठरवणार होते. घर, अंगण, पेरलेले शेत हा ताबा. पण चराईची कुरणे, सरपणाची आणि औषधांची राने, पेवेन वृक्षाच्या बिया, पिन्योन, वेचण्याचे डोंगर, दोन लोफांच्या सामाईक वापरातली पाणथळ जागा, हे सारे मोकळे समजले गेले. सैन्य पुढे सरके तसे मोजणीदार मागोमाग येत, नकाशे तयार होत आणि जमीन मोठ्या पट्ट्यांत लिलावाला निघे. युरोपातून, मुख्यतः स्वित्झर्लंड, जर्मनी आणि फ्रान्समधून आणलेल्या वसाहतवाल्या कुटुंबांना चाळीस हेक्टर किंवा त्याहून अधिक जमीन, शिवाय बैलजोडी, फळ्या आणि खिळे देऊन बसवले गेले.

मापुचेंना उरलेली जमीन १८८४ ते १९२९ या काळात एका आयोगाने वाटली. प्रत्येक लोंकोच्या नावे, त्याच्या कुटुंबकबिल्यासह, एक सनद दिली जाई. तिला ‘तितुलो दे मेर्सेद’ म्हणत, म्हणजे मेहेरबानीने दिलेली मालकी. अशा सुमारे तीन हजार सनदा निघाल्या आणि त्यांतून ८० हजारांच्या आसपास माणसांना मिळून सुमारे पाच लाख हेक्टर जमीन मिळाली, म्हणजे माणशी सहा हेक्टर. पूर्वीच्या प्रदेशाच्या मानाने हा भाग अंदाजे पाच टक्के होतो. कित्येकांना सनद मिळालीच नाही. ज्यांना मिळाली त्यांच्यात एकमेकांशी संबंध नसलेले लोफ एका पट्ट्यात कोंबले गेले, एकच लोफ तीन पट्ट्यांत तुटला, आणि ज्या लोंकोचा अधिकार पूर्वी लोकांच्या मान्यतेवर चाले तो आता एका कागदाचा धारक झाला. जमिनीच्या दप्तरात बसून मी हद्दीचे अनेक वाद पाहिले आहेत. शेजाऱ्याने कुंपण रात्रीतून हातभर सरकवणे ही जगभरची रीत असावी. पण इथे वसाहतवाल्यांची कुंपणे सनदेच्या आतही सरकत राहिली, तक्रार करायची ती ज्याची भाषा येत नाही त्या न्यायालयात, आणि पुरावा म्हणून तो नकाशा ज्यावर नदीचे पात्रही चुकीचे काढलेले असू शकते.

विसाव्या शतकात या तुकड्यांचेही तुकडे झाले. सामाईक सनदा फोडून वैयक्तिक मालकी करावी असा कायदा १९२७ पासून वेगवेगळ्या रूपांत येत राहिला. साठच्या दशकातल्या आणि विशेषतः समाजवादी राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदेच्या काळातल्या जमीन सुधारणेत काही जमीन मापुचेंकडे परत आली होती, ती १९७३ च्या लष्करी बंडानंतर बहुतेक काढून घेतली गेली. मग १९७९ मध्ये, या बंडातून सत्तेवर आलेल्या जनरल पिनोचेतच्या राजवटीने हुकूम काढला की एकाही सभासदाने मागणी केली तरी सामाईक जमिनीची वाटणी करता येईल, आणि वाटणी नोंदली गेल्यापासून ती जमीन मूळनिवासींची समजली जाणार नाही व तिचे मालकही मूळनिवासी समजले जाणार नाहीत. दुय्यम निबंधकाच्या वहीतली एक नोंद माणसाची ओळखच काढून घेईल, असा कायदा मी दुसरा वाचलेला नाही. विरोध इतका झाला की हे शब्द पुढे बदलावे लागले. वाटण्या मात्र झाल्याच.

याच राजवटीचा १९७४ चा दुसरा हुकूम, क्रमांक ७०१, वनलागवडीच्या खर्चाच्या पाऊण हिश्शापर्यंत सरकारी अनुदान देणारा होता. त्यामुळे आराउको, माय्येको आणि काउतिन या परिसरातल्या टेकड्यांवर पाइन आणि निलगिरीचे एकसुरी पट्टे पसरले, आणि काही मोठ्या वनउद्योगांच्या हातात प्रचंड क्षेत्र एकवटले. आज चिलीत अशी लागवड सुमारे २३ लाख हेक्टरांवर आहे. वरून छायाचित्र पाहिले तर हिरवेगार दिसते. खालच्या वाड्यांत उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि नगरपालिकेचे टँकर पाणी आणून टाकतात. जो प्रदेश पावसाचा म्हणून ओळखला जातो तिथे टँकर लागावा, यावरून काय समजायचे ते वाचकाने समजावे.

जमीन गेली म्हणजे काय गेले, हे समजण्यासाठी मापुचेंचे त्या जमिनीशी असलेले नाते पाहावे लागते. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे झरा, धबधबा, जुने रान, डोंगर, पाणथळ अशा प्रत्येक ठिकाणाचा न्गेन म्हणजे राखणदार असतो. पाणथळ जागेला ते मेनोको म्हणतात. अशा जागी जाताना आधी बोलून परवानगी घ्यायची, कशासाठी आलो ते सांगायचे, लागेल तेवढेच घ्यायचे. वैद्यकी आणि धार्मिक विधी करणारी व्यक्ती, माची, बहुधा स्त्री असते. ती औषधी वनस्पती याच मेनोकोंतून आणते. तिच्या घरासमोर पायऱ्या कोरलेला लाकडी खांब, रेवे, पूर्वेकडे तोंड करून रोवलेला असतो, आणि तिच्या हातातल्या कुलत्रुन या वाद्याच्या कातड्यावर चार दिशांत विभागलेले जग रंगवलेले असते. पूर्व ही त्यांची मुख्य दिशा आहे. गवताने शाकारलेल्या रुका या पारंपरिक घराचे दारही पूर्वेला उघडते. न्गियातून हा सामुदायिक विधी ठरलेल्या मैदानातच होतो, कारण ते मैदान, त्यातला कानेलो वृक्ष आणि तिथे पूर्वी येऊन गेलेले पूर्वज हे त्या विधीचे अंगच आहेत. मैदान विकले गेले तर विधी दुसरीकडे हलवता येत नाही. मेनोको आटला तर माचीचा दवाखाना बंद होतो. जमिनीच्या मोबदल्यात दुसरीकडे जमीन किंवा पैसे हा तोडगा इथे का अपुरा पडतो, ते यावरून स्पष्ट होते.

माची फ्रान्सिस्का लिंकोनाओ यांची हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. त्यांच्या वस्तीजवळच्या राहुए टेकडीवर एका जमीनमालकाने मेनोकोंच्या कडेची देशी झाडे तोडायला घेतली, तेव्हा त्या न्यायालयात गेल्या. २००९ मध्ये तेमुकोच्या अपील न्यायालयाने आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मूळनिवासींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १६९ क्रमांकाच्या कराराचा चिलीच्या न्यायालयाने दिलेला हा पहिला महत्त्वाचा आधार मानला जातो. एका जागेचे औषधी आणि धार्मिक मोल न्यायालयाने ग्राह्य धरले. त्याच लिंकोनाओंवर पुढे, जानेवारी २०१३ मध्ये विल्कुन येथे वेर्नेर लुखसिंगर आणि व्हिव्हियान मॅकाय हे वृद्ध शेतकरी दांपत्य घराला लावलेल्या आगीत मरण पावले त्या प्रकरणात, खटला भरला गेला. दोनदा खटला चालून २०१८ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. २०२१ मध्ये त्या संविधान सभेवर निवडून आल्या.

पेवेन्चेंचा प्रदेश अधिक उंचावर आहे. पेवेन, म्हणजे आराउकारिया, हा छत्रीसारखा दिसणारा वृक्ष शेकडो वर्षे जगतो, आणि शंकूतल्या पिन्योन या बिया शरद ऋतूत खाली पडल्या की कुटुंबेच्या कुटुंबे त्या वेचायला वर जातात. उकडून, भाजून, दळून, आंबवून त्या हिवाळाभर पुरतात. लोन्किमाय परिसरातल्या किन्केन इथे ऐंशीच्या दशकात एका लाकूड कंपनीच्या मालकीच्या दाव्यामुळे तिथल्या पेवेन्चेंना हाकलण्याची वेळ आली होती. झाडाचे कायदेशीर संरक्षण १९८७ मध्ये काढले गेले होते, ते १९९० मध्ये परत लागू झाले, १९९२ मध्ये सरकारने ती जमीन कंपनीकडून विकत घेतली आणि २००७ मध्ये ती किन्केनच्या लोकांच्या नावे झाली. ज्या जमिनीवर ते पिढ्यान्‌पिढ्या राहत होते ती त्यांना मिळण्यासाठी सरकारला आधी ती तिसऱ्याकडून विकत घ्यावी लागली, हा या साऱ्या व्यवस्थेचा विनोद आहे. तरीही किन्केनची गोष्ट चांगल्या शेवटांपैकी मानावी लागते.

बिओबिओच्या उगमाकडे असा शेवट झाला नाही. १९९३ च्या मूळनिवासी कायद्याने त्यांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय हलवता येणार नाही असे म्हटले होते. पण त्याच नदीवर आधी पांगे आणि मग राल्को ही जलविद्युत धरणे आली. बेर्ता आणि निकोलासा किंत्रेमान या दोन वृद्ध पेवेन्चे बहिणींनी अनेक वर्षे आपली जमीन देण्यास नकार दिला. वीज कायद्याने मूळनिवासी कायद्यावर मात केली, २००४ मध्ये राल्को सुरू झाले, आणि शेते, विधींची मैदाने व एक दफनभूमी पाण्याखाली गेली. चिलीच्या १९८१ च्या जलसंहितेने पाण्याचा हक्क जमिनीपासून सुटा करून स्वतंत्रपणे खरेदी-विक्रीयोग्य केला असल्यामुळे, कित्येक वस्त्यांना आपल्या शेतातून वाहणारा ओढा कायद्याने दुसऱ्याचा आहे हे फार उशिरा कळले. निकोलासा किंत्रेमान यांचा मृतदेह डिसेंबर २०१३ मध्ये त्याच जलाशयात सापडला.

डिसेंबर १९९७ मध्ये लुमाको येथे लाकूड वाहणारे तीन ट्रक जाळले गेले, आणि तेव्हापासून हा प्रश्न पोलिसी प्रश्न म्हणून ओळखला जाऊ लागला. जमिनीवर ताबा मिळवणे, यंत्रे आणि घरे जाळणे, त्यावर छापे, अटका आणि दहशतवादविरोधी कायदा असे चक्र सुरू झाले. लुखसिंगर दांपत्याचा मृत्यू हा गुन्हा होता आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. मापुचेंपैकीही अनेकांनी ते केले नाही. पण हुकूमशाहीच्या काळातल्या त्या कायद्याखाली लोंको आणि कार्यकर्त्यांना दोषी ठरवणाऱ्या निकालांतला युक्तिवाद पूर्वग्रहांवर आधारलेला आणि भेदभावाचा होता, असे आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितले. १४ नोव्हेंबर २०१८ रोजी तेमुकुइकुई येथे ट्रॅक्टरवरून घरी जाणारा कामिलो काट्रिय्यांका हा चोवीस वर्षांचा तरुण पोलिसांच्या गोळीने मारला गेला. आधी चकमकीत मेला असे सांगितले गेले, नंतर चित्रणे उघड झाली आणि पोलिसाला शिक्षा झाली. २०२२ पासून या प्रदेशात आणीबाणी वारंवार वाढवली जात आहे आणि रस्त्यांवर लष्कर आहे. ती लागू करणारे सरकार डाव्यांचे होते, आणि आधी विरोधात असताना त्यांनी तिच्यावर टीका केली होती.

चिलीचे प्रजासत्ताक मेलेल्या मापुचेंचा मात्र मोठा मान राखते. देशातला सर्वांत लोकप्रिय फुटबॉल संघ कोलो-कोलो याच्या बोधचिन्हावर मापुचे प्रमुखाचा चेहरा आहे, शंभर पेसोंच्या नाण्यावर मापुचे स्त्री आहे, लौतारोच्या नावाचे शहर आहे.

जुलै २०२१ मध्ये संविधान सभेने एलिसा लोंकोन या मापुचे भाषाशास्त्रज्ञ बाईंना अध्यक्ष निवडले आणि त्यांनी भाषणाची सुरुवात मापुदुन्गुन या मापुचेंच्या भाषेत केली. सभेत मूळनिवासींसाठी सतरा जागा राखीव होत्या, त्यांपैकी सात मापुचेंच्या. सभेने तयार केलेल्या मसुद्यात चिली हे बहुराष्ट्रीय राज्य आहे असे म्हटले होते. सप्टेंबर २०२२ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी तो फेटाळला, आणि मापुचेंचे माहेर असलेल्या आराउकानिया प्रांतात विरोधाचे प्रमाण त्याहूनही जास्त होते. बाहेरून पाहणाऱ्यांना याचे आश्चर्य वाटले. मला ते तितके वाटले नाही. त्या प्रांतात वसाहतवाल्यांचे वंशजही राहतात आणि गरीब चिलियनही, आणि मापुचेंमध्येही एकच मत कधी नव्हते. कोणी स्वायत्तता मागतो, कोणी केवळ आपली वीस हेक्टर, कोणाला चांगला रस्ता आणि शाळा हवी असते. शिवाय चिलीतल्या मापुचेंपैकी तिसरा हिस्सा आज सांतियागो महानगरात राहतो. पाच-सहा हेक्टरांवर चार भावंडे जगू शकत नाहीत म्हणून त्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा बेकऱ्यांत आणि घरकामांत नोकरीला आले. ला पिंताना आणि सेर्रो नाविया यांसारख्या कष्टकरी वस्त्यांत आज रुका उभ्या आहेत, माची रुग्ण तपासतात आणि जूनच्या अखेरीस, वर्षातली सर्वांत मोठी रात्र सरली की, वे त्रिपान्तू हा नवा सूर्य येण्याचा सण साजरा होतो. २०२१ पासून त्या सुमारास मूळनिवासी जनतेचा दिवस म्हणून देशाला सुटी असते.

जमिनीचा मूळ प्रश्न मात्र नोंदवहीपाशीच परत येतो. १९९३ च्या कायद्याने एक राष्ट्रीय महामंडळ आणि जमीन व पाणी निधी उभारला, आणि त्यातून खासगी मालकांकडून जमीन विकत घेऊन मापुचे वस्त्यांना दिली जाते. बाजारभावाने घ्यायची असल्यामुळे, ज्या टापूत तंटा आहे तिथे भाव चढतो आणि निधी लवकर संपतो. जून २०२३ मध्ये नेमलेल्या ‘शांतता आणि समजूत आयोगा’ने मे २०२५ मध्ये अहवाल देऊन ही पद्धत बदलावी, जमिनीसोबत भरपाईचे इतर मार्गही खुले करावेत आणि दाव्यांना शेवटची मुदत असावी असे सुचवले, आठ सदस्यांपैकी सातांनी तो स्वीकारला. अर्जेंटिनात उलट दिशेने हालचाल झाली. मूळनिवासींना जमिनीवरून हुसकावण्यास स्थगिती देणारा २००६ चा आणीबाणी कायदा डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने रद्द झाला.

चिलीत दावा करण्यासाठी आजही सर्वांत भक्कम पुरावा म्हणून जो कागद मागितला जातो तो तितुलो दे मेर्सेद. सनदेतली जमीन नंतर कुंपणाने, वाटणीने किंवा हुकुमाने गेली असेल तर तिच्यासाठी अर्ज करता येतो. सनद निघण्याआधी जे कुरण, जे रान, जो डोंगर होता, ज्याला मापुचे आपली जुनी जमीन म्हणतात आणि ज्याच्या खुणा वडीलधारी माणसे ओढा, खडक, झाड अशा नावानिशी सांगू शकतात, त्याच्यासाठी अर्जात रकाना नाही. पाच लाख हेक्टरांवर बोलणी करायला सरकार तयार आहे. उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांची चर्चा किलीनच्या कागदांपासून सुरू करावी लागेल, आणि ते कागद स्पेनमधल्या सेव्हियाच्या अभिलेखागारात आहेत.